ओळंब्याचं तांबूस कुत्रं

पाण्याच्या टाकीच्या वळणाशी आलो आणि दाजी थांबले. खांद्यावरचा लोखंडी बार त्यांनी उजव्या खांद्यावर घेतला, पुन्हा डाव्यावर घेतला आणि मला म्हणाले, जरा दम खाऊ. खरं तर दम मला लागला होता. पान्यांची पिशवी माझ्या हातात होती आणि चढाबरोबर ती जड होत चालली होती. पण थांबले ते दाजी.

त्या वळणाला कमरेएवढी दगडी भिंत आहे. तिच्यावर एका जागी कपचा उडालाय आणि आतला दगड नवाकोरा पांढरा दिसतो. दाजी त्या पांढऱ्या डागाकडे पाठ करून उभे राहिले.

बसनं आलो असतो तर एव्हाना पोचलो असतो. घरातून निघताना मी तसं म्हटलंही होतं. ते म्हणाले, "म्हणूनच चालत जाऊ. बसनं लवकर पोचतो माणूस." त्यांना डॉक्टरबाईंच्या घरी जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते आजच बोलायला हवं होतं. कारण उद्या सकाळी डॉक्टरबाई आणि त्यांची मुलगी आपल्या जुन्या गाडीत बसून याच वळणावरून जाणार होत्या.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्यानं मेकॅनिक, पण इंजिनाला हात न लावणारे. चाकं, स्प्रिंगा, स्टिअरिंगचे सांधे, गाडीच्या पोटाखाली जे जे असतं तेवढं त्यांचं. "वरचं काम देखणं, खालचं काम खरं," असं ते म्हणत. त्यांची शेड लहान आहे, मध्ये उतरून काम करायला खड्डा, एका भिंतीवर फार जुनं कॅलेंडर, कारण त्याच्यामागं पत्र्याला भोक आहे. नट-बोल्टच्या प्रत्येक डब्यावर आतला एकेक नमुना डाग देऊन चिकटवलेला. डबा उघडायचं काम नाही.

लोक त्यांना ओळंबा मिस्त्री म्हणतात. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. दाजी तो गाडीच्या मडगार्डावरून सोडत आणि चाक किती कललंय ते सांगत. पुढं त्यासाठी यंत्रं आली, दाजींनी ओळंबा सोडला नाही. मग हळूहळू ते नाव त्यांच्या हत्यारावरून त्यांच्या स्वभावाला चिकटलं. वाकडं बोलणार नाही, वाकडं करणार नाही. ताईला ओळंबीणबाई म्हणत, आणि ती रागावत नसे.

त्यांच्या दोन रीती सगळ्यांना माहीत होत्या. गाडी घेतानाच ते विचारत, "चालवणार कोण? आणि शेजारी बसणार कोण?" गिऱ्हाइकं चेष्टा करत, मिस्त्री, लग्न जमवताय का. दुसरी रीत अशी की शेवटचा नट आवळताना गाडी चाकांवर उभी हवी आणि जो चालवणार तो आत बसलेला हवा. गाडी उचललेली असताना सगळं आवळलं, तर ती खाली आल्यावर सांध्यांमधली रबरं पिळलेलीच राहतात. कितीदा तरी मी त्या शेडमध्ये कुणी वकील, कुणी भाजीवाली स्टिअरिंग धरून नुसतीच बसलेली पाहिलीय, आणि खालून दाजींचा आवाज, "हलू नका, आता खरं वजन कळतंय. रिकामी गाडी खोटं बोलते."

डॉक्टरबाई दातांच्या. दवाखाना खाली गावात, घर वर चढावर. त्यांच्या वडिलांची एक दोन माणसांची स्पोर्ट्स कार होती, बुटकी, लांब नाकाची, बाटलीसारखी हिरवी, माझ्याहून वयानं मोठी. वडील गेल्यावर ती बाईंकडे आली. गाडी चालायची छान, पण वळणावर होडीसारखी कलायची. बाईंनी दाजींना विचारलं, काही करता येईल का, पोटात ढवळतं.

करता येत होतं. मला समजलं तसं सांगते. गाडी वळते तेव्हा तिचं अंग बाहेरच्या बाजूला झुकतं. दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा एक स्प्रिंगच्या पोलादाचा वाकवलेला दांडा खालून आडवा बसवला, तर तो पीळ खातो आणि झुकणारी बाजू ओढून धरतो. त्याला दाजी नुसतं बार म्हणतात. ताई म्हणायची, आमच्या घरात बारवरून भांडण होतं, पण लोखंडाच्या. त्या गाडीला पुढे बार होता, मुळातला, नाजूक. मागे नव्हताच. तो निवडायचा आणि बसवायचा होता.

माल देणाऱ्यानं दोन पाठवले, आवडेल तो ठेवा म्हणून. एक करंगळीएवढा जाड, एक अंगठ्याएवढा. दोन्ही दाजींच्या बाकावर शेजारी शेजारी पडून होते.

इथं समोरचा येतो. समोरचा म्हणजे एकेकाळी दाजींच्या हाताखाली शिकलेला, आता रस्त्याच्या पलीकडे त्याचंच चकाचक गॅरेज आहे. शर्यतीच्या गाड्या त्याच्याकडे येतात. अजूनही दाजींना उस्ताद म्हणतो, आणि अजूनही रिंग पाना मागायला येतो, स्वतःकडे भिंतभर पाने असताना. त्या दिवशी आला, बाकावरचे दोन बार बघितले आणि हसून म्हणाला, "बारीकच घेणार ना उस्ताद? बरोबर आहे. तुमच्या वयाला बारीकच झेपतो."

एवढंच. पाना घेऊन तो गेला. दाजींनी जाड बार उचलला.

त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पुढं नाजूक आणि मागं राकट बार असला की वळणावर मागची चाकं रस्ता सोडायला बघतात, हे त्यांनीच समोरच्याला शिकवलं होतं. बारच्या टोकाला दोन भोकं असतात. बाहेरच्या भोकात जोडणी लावली की बार मवाळ होतो, आतल्यात लावली की आणखी ताठर. दाजींनी आतलं भोक धरलं. चालवणार कोण ते विचारलं नाही. बाईंना बोलावून बसवलं नाही. गाडी उचललेली असतानाच शेवटचा नट आवळला. सगळ्या आयुष्याच्या रीती एका दुपारी मोडल्या, आणि मोडताना हात जरासुद्धा थांबला नाही, असं त्यांनीच मला त्या वळणावर सांगितलं.

ताई तेवढ्यात डबा घेऊन आली होती. दाजी म्हणाले, बस, फिरवून आणतो. इतक्या वर्षांत त्यांनी दुरुस्त केलेल्या एकाही गाडीत ती बसली नव्हती. उघडी गाडी, वारा, ताईनं केस धरले आणि मग सोडून दिले. रस्त्यावरच्या ओळखीच्या बायकांना तिनं हात केला. समोरच्याच्या गॅरेजवरून जाताना दाजींनी वेग वाढवला. गाडी जराही कलत नव्हती, ताटात पाणी ठेवलं तरी हललं नसतं.

पुढंच टाकी भरून वाहत होती आणि वळण ओलं होतं. मागची चाकं सुटली. गाडीचं शेपूट बाहेर पडलं आणि जिकडे तोंड होतं तिकडे पाठ झाली. भिंत मागच्या कोपऱ्याला लागली. ताईनं आधार घ्यायला हात पुढं केला होता, तिचं मनगट मोडलं. ती एकच बोलली, "तुम्हाला लागलं का?"

माणसं धावली. समोरचाही धावला, सगळ्यांच्या पुढं. त्यानं आधी ताईला उतरवलं, मग गाडीच्या मागच्या बाजूला वाकला. दाजी सांगतात, तो वाकला तेव्हा भिंतीवर आपटताना वाटली नव्हती एवढी भीती वाटली, जाड बार आता याला दिसणार. तेवढ्यात गर्दीतला कुणीतरी म्हणाला, कुत्रं आडवं आलं असेल, इथं फार आहेत.

दाजी म्हणाले, "हो."

"मी फक्त हो म्हणालो," त्यांनी मला सांगितलं. "पण हो म्हणायला कुणी माझा गळा धरला नव्हता."

खोट्याला पाय नसतात म्हणतात. या खोट्याला चार होते आणि ते सगळीकडे फिरून आलं. डॉक्टरबाई इस्पितळात आल्या त्या फळं घेऊन, डोळे भरून. त्यांच्या गाडीपायी ताईचा हात मोडला याचं त्यांना वाईट वाटत होतं, आणि मुक्या जिवासाठी या माणसानं गाडी भिंतीवर घातली याचं फार कौतुक वाटत होतं. दाजी खाटेच्या पायथ्याशी बसले होते. ते काही बोलेनात. मग ताईच म्हणाली, "तांबूस होतं हो. एवढंसं."

हे लिहिलेलं मी ताईला वाचून दाखवलंय. तिनं एकही शब्द खोडू दिला नाही.

त्या दिवसापासून ते कुत्रं तांबूस झालं. डॉक्टरबाई दवाखान्यात प्रत्येकाला ती गोष्ट सांगू लागल्या. दातांच्या डॉक्टरांचं एक बरं असतं, तोंड उघडं असलेल्या माणसाला उलट विचारता येत नाही. सगळे आ करून ऐकत आणि बाहेर जाऊन दुसऱ्याला सांगत. चहावाला दाजींकडून चहाचे पैसे घेईना. शाळेतल्या बाई भेटल्या की म्हणत, मुलांना तुमचं उदाहरण देते. समोरचा येऊन म्हणाला, "मानलं उस्ताद. जाड बार लावून गाडी एवढ्यावर सांभाळलीत." मीसुद्धा आमच्या वाचनालयाच्या मासिकात दाजींवर लिहायचं ठरवलं होतं. रोज देवापुढे बसते तेव्हा मी त्या कुत्र्याचेही आभार मानले होते, आता हसू येतं.

दाजी मात्र वाकत गेले. रस्त्यानं चालताना दुसऱ्या बाजूनं जायचे. कुणी नमस्कार केला तर चपलेचा अंगठा नीट करायला खाली बघायचे. घरी ताईचे केस विंचरून द्यायचे, एका हातानं तिला जमत नव्हतं, आणि विंचरताना तिच्याशी बोलायचे नाहीत. मला वाटलं, बायकोच्या हाताचं मनाला लागलंय. लागलं होतंच. पण त्याहून खोल दुसरं लागलं होतं. "मी खोटं बोललो ते बोललो," ते म्हणाले. "तिला कधी जमलं नव्हतं ते. साधं दूध नासलं तरी शेजारणीला सांगून यायची. तिनं त्या कुत्र्याला रंग दिला, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

बार बदलून टाकायचा त्यांचा बेत होता, गुपचूप. गाडी पत्र्याचं काम करणाऱ्याकडून परत आली की बारीक बार लावायचा, कुणाला कळायचं नाही. पण दाजी ताईबरोबर इस्पितळात असताना गाडी परस्पर डॉक्टरबाईंकडे गेली. दाजींनी फोन केला, गाडी पाठवा, एक नट बघायचाय. बाई म्हणाल्या, नट काय पळून जातोय, तुम्ही आधी ताईंकडे बघा. पुन्हा केला, रबर बदलायचं राहिलं म्हणाले. बाई हसल्या. गाडी आता काय सुंदर जाते, जराही कलत नाही, रविवारी आम्ही मायलेकी तिच्यातूनच माझ्या बहिणीकडे जातोय. आणि वर म्हणाल्या, "ओळंबा मिस्त्री, तुमचं काम कधी चुकलंय का?"

त्या वाक्यापुढं दाजींनी फोन ठेवला.

तो शुक्रवार. रात्री जेवायला बसले तेव्हा त्यांनी ताईला सांगितलं की कुत्रं नव्हतं. ताई म्हणाली, "मी शेजारीच बसले होते की." मग म्हणाली, उद्या जा. आणि सकाळी मला बोलावून सगळं सांगितलं, वर म्हणाली, तू जा यांच्याबरोबर, एकटे गेले तर अर्ध्या वाटेवरून बार घेऊन परत येतील.

तर असे आम्ही निघालो होतो. बारीक बार ताईच्या जुन्या चादरीत गुंडाळलेला, पण त्याचा आकार काही लपत नव्हता, दोन टोकं वाकलेली आणि मधे लांब. टाकीच्या पुढं बाकावर एक पेन्शनर आजोबा रोज बसलेले असतात. त्यांनी विचारलं, काय मिस्त्री, शिवधनुष्य कुठं चाललं? आणि लगेच, त्या कुत्र्याचं पुढं काय झालं हो? दाजी म्हणाले, सांगतो परत येताना. पुढं गेल्यावर मी म्हटलं, खरंच सांगणार का? ते म्हणाले, आधी जिथं सांगायचं तिथं तोंड उघडतं का बघू.

चढ संपेपर्यंत मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. देवाजवळ मागायचं तरी काय, हेही कळेना. हा माणूस सुटू दे म्हणावं, तर तो अडकायलाच निघाला होता. दाजी नेहमी म्हणत, लोक गाडीचा रंग बघतात, मी खालून बघतो. माझ्या मनात आलं, देवही खालूनच बघत असणार.

डॉक्टरबाईंच्या अंगणात गाडी उघडीच होती. मागचा कोपरा नव्यानं रंगवलेला, उरलेल्या गाडीपेक्षा थोडा जास्त हिरवा. आणि स्टिअरिंगवर त्यांची मुलगी बसली होती, कॉलेजात जाणारी, आरसा आपल्या उंचीला लावत होती. बाई झाडांना पाणी घालत होत्या. आम्हाला बघून त्यांनी नळी खाली टाकली, अहो चालत कशाला आलात, ताई कशा आहेत, या, बसा.

दाजी बसले नाहीत. त्यांनी मुलीकडे बघितलं आणि विचारलं, "उद्या चालवणार कोण?"

"मी," मुलगी म्हणाली. "लायसन आलं माझं."

दाजींनी बार खाली ठेवला. मला वाटलं, आता खाली बसतात की काय. ते उभे राहिले, दोन्ही हात कुठं ठेवावेत ते कळत नसल्यासारखे.

"डॉक्टरबाई," ते म्हणाले, "त्या दिवशी कुत्रं नव्हतं."

बाईंना कळलं नाही. त्या हसतच होत्या.

"कुत्रं नव्हतंच. गाडीला मी बार चुकीचा लावलाय. तुम्हाला न विचारता जाड लावला, आणखी ताठर करून लावला. मला कुणी म्हातारा म्हणालं म्हणून. ओल्या रस्त्यावर ही गाडी मागून सुटते. माझ्या हातात सुटली. उद्या हिच्या हातात सुटेल."

मुलीनं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर घेतले. जमिनीवर पडलेल्या नळीतून पाणी वाहत होतं ते आमच्या चपलांपर्यंत आलं, तरी कुणी हललं नाही. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही, ते हळूहळू, विसरल्यासारखं गेलं. मला वाटलं होतं त्या भडकतील. भडकल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बोलल्या ते गाडीबद्दल नव्हतं.

"पण ताईंनी तर मला त्याचा रंग सांगितला होता."

दाजी लगेच म्हणाले, "मी सांगायला लावलं. मीच तिला म्हटलं, तांबूस सांग."

मला माहीत होतं की तसं झालेलं नाही. मी पान्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. खरं बोलायला एवढा चढ चढून आलेला माणूस माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा एक खोटं बोलला, आणि मला त्याचा राग आला नाही.

बाई नळ बंद करायला गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, आज बदलता येईल का. दाजी म्हणाले, त्यासाठीच आणलाय.

काम अंगणातच केलं. गाडी बाईंच्या वडिलांच्याच जॅकनं उचलून त्यांच्या लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, ठेवली. दाजी पाठीवर सरकत खाली गेले आणि मी बाहेरून पाने देत राहिले. दोन्ही टोकांच्या जोडण्या सुटल्या, मग मधल्या पट्ट्या, आणि जाड बार खाली आला तसा दाजींनी तो छातीवर घेतला आणि क्षणभर तसाच धरून ठेवला. बारीक बारच्या रबरांना आतून ग्रीस लावलं, पट्ट्या बसवल्या, टोकं बाहेरच्या भोकात घेतली, मवाळ बाजूला. नट बोटांनी फिरवून नुसते टेकवले. मग खाली शिरायला जागा राहावी म्हणून चारही चाकांखाली जाड फळ्या घातल्या, घोड्या काढल्या आणि गाडी फळ्यांवर उभी केली. दाजी खालूनच म्हणाले, आता चालवणारीनं बसायचं. आणि शेजारी बसणारीनंही.

मुलगी बसली. बाई थोड्या थांबल्या, मग शेजारी जाऊन बसल्या. दोघी समोर बघत होत्या. दाजींचा हात फक्त दिसत होता, आणि पाना फिरल्याचा आवाज. एरवी या वेळी ते काहीतरी गमतीचं बोलत. आज ते फक्त म्हणाले, "हलू नका." शेवटचा नट आवळून झाला तरी ते लगेच बाहेर आले नाहीत.

मग मुलीला चालवायला देऊन ते शेजारी बसले आणि टाकीच्या वळणापर्यंत जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी मुलीला सांगितलं, थोडी कलेल, कलू दे, कलते म्हणजे घसरण्याआधी सांगते. सावकाश जा.

चहा झाला नाही. बाईंनी विचारला नाही आणि आम्हाला अपेक्षाही नव्हती. फाटकापर्यंत त्या आल्या. म्हणाल्या, मी किती जणांना सांगितलं हो ते. आता मलाच तोंड दाखवायला जागा नाही, आणि माझा तर धंदाच तोंडाचा. दाजींना हसू आलं नाही, मलाही नाही. मग त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "आलात, सांगितलंत, ते बरं केलंत मिस्त्री. पण गाडी यापुढं मी तुमच्या समोरच्याकडे देईन."

"द्या," दाजी म्हणाले. "काम चांगलं करतो तो. फक्त त्याला सांगा, चालवणार कोण ते आधी विचार. ते शिकवताना मी कमी पडलो असेन."

परत येताना जाड बार दाजींच्या खांद्यावर होता. चादर मी घडी करून पिशवीत ठेवली होती, त्यांनी ती परत मागितली नाही. उतार होता, तरी आम्ही चढताना चाललो त्याहून सावकाश चाललो. बाकावरचे आजोबा अजून तिथंच होते. त्यांनी हाक मारली, काय मिस्त्री, धनुष्य परत आणलं? आणि कुत्र्याचं सांगणार होतात. दाजी त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि जे बाईंना सांगितलं ते सगळं त्यांनाही सांगितलं, तितकंच, तसंच. आजोबा आधी थट्टा समजून हसले, मग हसायचे थांबले, मग बाकावर थोडे बाजूला सरकले. दाजींना बसायला जागा करून दिली की त्यांच्यापासून दूर झाले, ते मला अजून कळलेलं नाही. दाजी बसले नाहीत.

गावात आता चहावाला चहाचे पैसे घेतो. समोरचा पाना मागायला येत नाही. येईल कधीतरी, असं ताई म्हणते. शेडचं दार रोज उघडतं, पण ओळंबा मिस्त्री अशी हाक आली की दाजी लगेच वळून बघत नाहीत, दुसऱ्याच कुणाला मारली असावी तसे थोडे थांबतात. मायलेकी त्या रविवारी बहिणीकडे जाऊन आल्या, सुखरूप. तेवढ्यासाठी मी देवाचे आभार मानले, या वेळी कुत्र्याशिवाय.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी परतताना आम्ही टाकीच्या वळणाशी आलो तेव्हा दाजी पुन्हा थांबले. या वेळी त्यांनी भिंतीकडे पाठ केली नाही. बार भिंतीवर टेकवला आणि पांढऱ्या डागावरून अंगठा फिरवला, पत्र्यावरचा पोचा चाचपावा तसा.

म्हणाले, "धाकटे, तू माझ्यावर लिहिणार होतीस ना?"

मी म्हटलं, राहू दे आता ते.

"राहू कशाला द्यायचं? लिही. बार लिही, समोरचा काय म्हणाला ते लिही, मी हो म्हणालो ते लिही." मग माझ्याकडे न बघता त्यांनी बार पुन्हा खांद्यावर घेतला. "एवढंच कर. त्या कुत्र्याचा रंग माझ्या नावावर लिही."